दारातला नमदा

चोल्पोन,

आधी चहा पी, मग गाडीला हात लाव. काल तुझे नवे स्पीकर घोगरे वाजले तेव्हा बाबा म्हणाला, "कंपनीचे काय वाईट होते? उद्या याच गाडीतून तुझ्या एर्मेकदादाची नवरी आणायची, आणि तिला सर्दी झालेली मेंढी ऐकवायची?" तू रडत आत गेलीस. मी गाडीच्या दाराचं आवरण काढून आत पाहिलं.

स्पीकर चांगले आहेत, ताराही तू नीट जोडल्यास. चूक त्या जाड लोकरी नमद्याची आहे. दार खडखडू नये म्हणून तू आजीचा जुना नमदा आत कोंबलास. तंबूत वारा अडवायला आपण तोच लावतो, म्हणून तुला सुचला. पण तंबूलाही आपण वर धुराला वाट ठेवतो ना? इथे नमदा स्पीकरच्या पडद्याला मागून चिकटलाय, त्याला हलायला जागाच नाही. शिवाय काचेवरून पाणी आत उतरतं, लोकर कुजेल. सगळा काढ. खडखडाटासाठी डांबरी पट्ट्या खोगिराजवळ ठेवल्यात. पत्रा कोरडा पुसून त्या दाबून चिकटव. स्पीकरमागे मूठभर जागा मोकळी सोड.

मीच केलं असतं, पण मग उद्या वऱ्हाडात सगळे म्हणाले असते, म्हाताऱ्याने केलं.

बाबा आज दुपारी जुने स्पीकर परत बसवणार होता. त्याला घोडे दाखवायला वरच्या कुरणावर नेतोय. घाई करू नकोस, त्याला मी सगळ्यात आळशी घोडी दिलीय.

आजोबा