मुंजाजीच्या खांद्यावर तात्याराव

१ जून, सायंकाळ
आजपासून मुंजाजीची शिकवणी. मुंजाजी हा माझा जुना विद्यार्थी. सध्या आमच्या गावच्या अग्निशमन केंद्रात फायरमन. लीडिंग फायरमनच्या पदोन्नती परीक्षेत दोनदा अनुत्तीर्ण. ही तिसरी आणि शेवटची संधी. ती हुकली, तर काल भरती झालेली पोरे त्याला हुकूम सोडणार. भाषा कच्ची असल्याने मनुष्य मागे राहतो, हे निदान त्याने तोंड उघडण्यापूर्वीच मी केले. दक्षिणा एकच ठरली : निकालाच्या दिवशी पहिला पेढा मला. त्याने मान डोलावली.

४ जून
निबंध दिला : ‘अग्नी : शाप की वरदान?’ मुंजाजी म्हणाला, सर, पेपरात निबंध नसतोय, चारातला एक गोल काळा करायचा असतोय. मी म्हणालो, गोल काळा करणाऱ्या हातालाही विचारांची बैठक लागते. त्याने वही उघडली. अर्थात पटले.
त्याच्या मार्गदर्शक पुस्तकातील अशुद्धे तांबड्या शाईने दुरुस्त केली. काही प्रश्न आता वाचता येत नाहीत. परंतु पुस्तक निर्दोष झाले.

९ जून
मुंजाजी म्हणाला, सर, लेखीला मी दोन्ही टायमाला पास हाय, प्रात्यक्षिकात गोची होयलीय. माणूस खांद्यावर घेऊन पळायचं असतंय. माणूस म्हंजी वाळू भरलेला पुतळा. मागच्या टायमाला निम्म्यातच घसरला.
विषयांतर. त्याला उपसंहाराकडे वळवले.

१२ जून
अघटित! मुंजाजीने विचारले, सर, अंगणात जरा तुमाला उचलून बगू का? शिष्याने गुरूस पोत्यासारखे उचलावे! मी केवळ चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. ऱ्हाऊ द्या सर, आपलं असंच इचारलं, असे पुटपुटून तो निबंध लिहू लागला. स्वयंपाकघरातून सुमंगला हसल्याचा आवाज आला. पत्नीने अशा प्रसंगी हसू नये.

२० जून
मुंजाजी हल्ली घामाघूम होऊन येतो. सदरा चुरगळलेला, मान लाल. विचारले असता म्हणाला, अब्यास करायलोय सर. माझ्या अध्यापनाचा परिणाम त्याच्या शरीरावरही दिसू लागला आहे. सुमंगला त्याला चहाबरोबर शिरा देते आणि एक डबा बांधूनही देते. एकट्याला एवढा शिरा कशासाठी, न कळे.
शेजारच्या तात्यारावांनीही पहाटे बाहेर पडण्यास आरंभ केला आहे. हे निवृत्त एस.टी. वाहक. नोकरीत गाडीबाहेर पाऊल टाकले नाही, निवृत्तीनंतर खुर्चीबाहेर. शरीर त्याच प्रमाणात वाढलेले. उतारवयात का होईना, सुबुद्धी सुचली.

२९ जून, सकाळ
जे पाहिले, तेच लिहितो.
दूधवाला आला नाही, म्हणून पिशवी घेऊन शाळेच्या मैदानावरून निघालो. मैदानात मुंजाजी धावत होता. त्याच्या खांद्यांवर तात्याराव आडवे. एका बाजूस डोके, दुसऱ्या बाजूस पाय. उपरणे घ्यावे तसे त्याने त्यांना मानेभोवती घेतले होते! तात्याराव त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारून ओरडत, डबल बेल, जाऊ दे! की तो सुटे. एकच थाप पडली की थांबे. मला पाहताच लोंबत्या डोक्यानेच तात्याराव म्हणाले, या पंत, या! पुढच्या फेरीला जागा हाय!
शिष्य माझा. निबंध माझा. आणि खांद्यावर हा मनुष्य!
घरी येऊन सुमंगलेस विचारले, तुला हे ठाऊक होते? ती म्हणाली, अहो, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तात्यारावांची कंबर धरली, तेव्हा तुमचा जुना पट्टा मीच दिला त्यांना.
माझा पट्टा. माझा शिरा.

३० जून
शांतपणे विचार केला. मुंजाजीने प्रथम मलाच विचारले होते. मी नकार दिला, म्हणून त्याने निरुपायाने तात्यारावांसारखे जे हाती लागले ते उचलले. तेव्हा मानाचे स्थान माझेच. क्षमा करण्यास हरकत नाही. मात्र त्याने ती मागितली पाहिजे.

५ जुलै
मागितली नाही. आला, उपसंहार लिहिला, चहा प्याला. उद्या परीक्षा. आशीर्वाद दिला, परंतु थंड आवाजात. त्याच्या ते लक्षात आले नसावे.

१८ जुलै, दुपार
मुंजाजी उत्तीर्ण!
मी धूतवस्त्र नेसून खिडकीत बसलो होतो. गणवेशात, पेढ्यांचा पुडा घेऊन तो आला. आमच्या फाटकाशी थबकला. आणि तात्यारावांच्या घरात शिरला.
भिंतीपलीकडून तात्याराव म्हणाले ते स्पष्ट ऐकू आले : अरे, आख्खा पेढा घाल की माझ्या तोंडात, निम्मा कशाला तोडायलास?
धिक्कार असो! गच्चीवर निघालो आहे. शिडी वर ओढून घेणार, म्हणजे मनधरणीस कोणी येऊ शकणार नाही. रोजनिशी सोबत घेतली आहे.

तोच दिवस, गच्ची
ओढताना शिडी हातून सुटली. तुळशीची कुंडी फुटली. सुमंगलेने शिडी पुन्हा लावून दिली. परंतु खाली पाहताच क्रोध अनावर होत असल्यामुळे उतरणे तूर्त स्थगित केले आहे. ती म्हणाली, अहो, शेजारी हाक मारू का? मी म्हणालो, मुळीच नको. तिने मारली.

तोच दिवस, सायंकाळ, खाली
मुंजाजी वर आला. म्हणाला, चला सर. मी म्हणालो, प्रथम उत्तर दे. पहिला पेढा कोणाचा ठरला होता? तो मान खाली घालून म्हणाला, तुमचाच, सर. पर तात्यासायबाची कंबर माझ्यापायी लचकली. पाय तिकडंच वळले बगा.
मी म्हणालो, हे सर्व मी नकार दिला म्हणून घडले ना? मी होकार दिला असता, तर खांद्यावर मीच असतो ना?
त्याने शिडीचे टोक हलवून पाहिले. मग म्हणाला, खरं सांगू का सर? पुतळा तात्यासायबाएवढा असतोय. तुमी न्हाई म्हणलाव, तवा माझ्या जिवात जीव आला. हो म्हणले असते तर तुमचं मन मोडता आलं नसतं, अन् मी पुन्यांदा फेल झालो असतो.
एवढे बोलून त्याने मला उचलले. पहिल्याच पायरीवर म्हणाला, दप्तर उचलल्यावानी वाटायलंय सर.
खाली गल्ली जमलेली. कमरेला माझा पट्टा बांधून तात्याराव ओरडत होते, पंत, आंग ढिलं सोडा! ताठ ऱ्हायलं की घसरतंय माणूस! मग त्यांनी शिडीवर दोनदा थाप मारली. डबल बेल!
मी अंग ढिले सोडले.

१९ जुलै
पेढा मिळाला. दुसरा सुमंगलेस, तिसरा तात्यारावांच्या सौभाग्यवतींस, चौथा मला.
मुंजाजीस काही वर्षांनी यापुढील पदाची परीक्षा द्यावयाची आहे. चौकशी केली. निबंध नाही. पुतळा आहे.
रात्रीच्या भातावर तूप दुप्पट वाढण्यास सुमंगलेस सांगितले. तिने कारण विचारले नाही. तुपाची धार सोडत एवढेच म्हणाली, अहो, तात्यारावांनी लहानपणापासून सुरुवात केली होती.
मी ताट तसेच पुढे धरून ठेवले.