राखवाटेवर पायी, गरुडगडावर पंखांनी

मी, स्तामेन द्रागानोव, वय छप्पन्न, खाणीतला माजी वायरमन, राहणार पेर्निक, इमारत सात, चौथा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, नोटरीबाईंना सांगून लिहवून घेत आहे. इमारतीला लिफ्ट नाही. खाणीत पाठीवर दगड पडल्यापासून अकरा वर्षांत मी तीनदा खाली उतरलो, तिन्ही वेळा स्ट्रेचरवरून.

एक. ही सदनिका सामानासह माझी धाकटी बहीण वेनेता हिला. अट कसलीही नाही. तिने ती विकावी, हे फक्त माझं मत.

दोन. संगणक तेवढा खाणकामगारांच्या क्लबला. ‘राखवाट’ या ऑनलाइन खेळातलं माझं खातं कोणालाही देता येत नाही. नियमाप्रमाणे ते माझ्याबरोबरच बंद होईल.

तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या रुमेनला काही नाही. आज तो या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून वर आला आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, हे ऐकून बरंच वाटलं. सहा वर्षांपूर्वी तो राखवाटेतल्या आमच्या टोळीतले अकरा जण घेऊन ‘गरुडगड’ या दुसऱ्या खेळात गेला. तिथे पहिल्याच तासाला पंख फुटतात, नकाशावर बोट ठेवलं की माणूस गावात हजर, आणि मेलं तरी सामान शाबूत. राखवाटेत घोडासुद्धा पन्नासाव्या पातळीला मिळतो. मेलात तर पिशवी प्रेतापाशी राहते, ती आणायला पायी जावं लागतं. मी रुमेनला पळपुटा म्हणालो आणि बोलणं टाकलं. खरं कारण आज नोंदवतो. राखवाटेत बंदरापासून मठापर्यंत चालत चाळीस मिनिटं लागतात. मला ती चाळीस मिनिटं हवी होती.

चार. गेल्या फेब्रुवारीत वेनेताचा फोन माझ्या पलंगावर राहिला. त्यात गरुडगड उघडा होता. रोज जेवताना मी त्या खेळाला नावं ठेवायचो आणि ती मुकाट्याने सूप वाढायची. मी जाब विचारला.

“दादा, तुझ्या खेळात चालावं लागतं,” ती म्हणाली. “मी दिवसभर जिनेच चढते. घटकाभर उडले, तर तुझं काय गेलं?”

पाच. कबुली. नऊ वर्षांपूर्वी दूर समुद्रकाठच्या वार्नात तिने ज्या गायकवृंदासमोर गाऊन दाखवलं होतं, तिथून तिला बोलावणारा फोन आला, तेव्हा ती बाजारात होती. तिला यायचं नाही, असं मी परस्पर सांगून टाकलं. ती गेली असती तर मला पाणी कोणी दिलं असतं, एवढंच डोक्यात होतं. हे तिला आज सकाळी सांगितलं. ती खिडकीशी गेली. मग म्हणाली, “मला वाटायचं, माझाच आवाज कमी पडला.” माफी मी मागितली. तिने दिली की नाही, ते मला माहीत नाही.

सहा. मोकळं होण्यासाठी वेनेताने माझ्या मरणाची वाट पाहू नये. सोमवारी मी नगरपालिकेच्या अपंगांसाठीच्या आश्रमात राहायला जात आहे. अर्जावर सही झाली आहे. खोली तळमजल्यावर आहे. इंटरनेट तिथे फक्त जेवणघरात पोचतं आणि खेळाला ते पुरणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा चालेल म्हणालो.

वाचून दाखवलं, पटलं, सही केली.

स्तामेन द्रागानोव

साक्षीदार: रुमेन पेंचेव, दुसरा मजला
साक्षीदार: ग्लिगोर तासेव, खाणीतला सहकारी

पेर्निक, १६ मे २०२४