शेडकडची वाट

उरवडे, ऑक्टोबर १९६४

प्रिय चंद्रा,

तुझं पत्र पोचलं. शेडकडे जायला माझ्या वडिलांच्या पट्टीतून वाट हवी, तेवढ्या कागदावर सही करून पाठव, असं किती सहज लिहिलंस! पत्रात आपल्या लहानपणच्या कैऱ्या आहेत, भोंडला आहे. मागची दोन वर्षं मात्र कुठेच नाहीत, म्हणून ती मी लिहिते.

चीनची लढाई झाली त्या साली हे कारखान्याचे चीफ अकौंटंट होते आणि तुझे हैबतराव त्यांच्या हाताखाली. शेठना इथं उरवड्यात नवी शेड बांधायची होती, त्यासाठी बँकेचं कर्ज हवं होतं आणि कारखाना तर तोट्यात. शेठ ह्यांना म्हणाले, "ताळेबंदात नफा दाखवा, पुढच्या वर्षी तो खरा करू." त्या दिवसांत ह्यांना अन्न गोड लागेना. मालकाचं ऐकावं तर बँकेला फसवायचं. न ऐकावं तर कर्ज मिळणार नाही आणि सगळ्यात आधी कामगार घरी जाणार, हेही दिसत होतं. शेवटी ह्यांनी नाही म्हटलं. हैबतरावांनी हो म्हटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलंही असतं. पण ह्यांना काढायला निमित्त हवं होतं. लोखंडाच्या व्यापाऱ्याकडून पैसे खाल्ले, अशी आवई उठली. पाळी सुटायच्या वेळी, सगळ्या कामगारांदेखत, फाटकावर ह्यांची पिशवी उपडी केली. डबा, चष्म्याचं घर, माझ्यासाठी घेतलेला गजरा, सगळं मातीत. हैबतराव पायरीवर उभे होते. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू कोयरी माझ्यासमोरून तशीच पुढे नेलीस. शेजारणीला मात्र हसून कुंकू लावलंस.

मग ह्यांना कुठेच नोकरी मिळेना. आम्ही इथं माझ्या माहेरी आलो. हे भात लावायला शिकले, चिखलात उतरले, पण बांधावरून कुणी मोठ्यानं हाक मारली की दचकायचे. आतून माणूस खचला तो खचलाच, आणि यंदा उन्हाळ्यात अंथरूणच धरलं.

आता माणसांच्या डोक्यावरून सामान नेऊन तुमची शेड उभी राहिली आहे, पण जड यंत्रं पिरंगुटला ताडपत्रीखाली गंजताहेत. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधे वडिलांनी माझ्या नावे केलेली चिंचोळी पट्टी. वाट ताब्यात नसताना कर्ज उचललंत कसं, असं बँक विचारते, आणि शेठ हैबतरावांकडे बोट दाखवतात. ह्यांच्या ज्या खुर्चीवर ते बसले, तिचे काटे आता त्यांनाही टोचत असतील.

श्रावणात ते इथं येऊन गेले, तुला बोलले का? मोसंब्यांची करंडी घेऊन आले होते. "वहिनी, नोकरी जाईल, नाव जाईल माझं," म्हणाले. हे अंथरुणावरून मला म्हणाले, "दे वाट. त्यालाही मुलंबाळं आहेत." मी चहा दिला. ते गेल्यावर मोसंबी म्हशीला घातली आणि ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते दोन दिवस आता परत मिळायचे नाहीत.

पत्राच्या शेवटी तू ह्यांची तब्येत विचारली आहेस. गौरी विसर्जनाच्या दिवशी हे गेले. मसणवट ओढ्याच्या पलीकडे आणि ओढ्याला पूर. ताटी बांधून माणसं पाणी ओसरायची वाट बघत बसली. मी म्हटलं, "माझ्या पट्टीत न्या." कुशाबा पाटील म्हणाले, "बाई, इचार कर. एकदा तितं सरण पेटलं की गाव तितनं गाडी जाऊ देनार न्हाई. मग तू सही केलीस तरी न्हाई." मी म्हटलं, "म्हणूनच न्या." तेरावा झाल्यावर पौडच्या कचेरीत जाऊन ती जमीन मी स्मशानासाठी गावाच्या नावे लिहून दिली. ह्यांना हे आवडलं नसतं, ठाऊक आहे मला. त्यांनी माफ केलं ते त्यांचं. मी केलेलं नाही. तेव्हा हैबतरावांना सांग, वाटेची आशा सोडा. आणि बँकेचा साहेब विचारेल, मधे काय आहे, कुणाची चिता आहे, तेव्हा निदान एकदा तरी खरं सांगा म्हणावं.

तुझीच,
गोजरा