मागून उघडायचं मशीन

९ नोव्हेंबर, रवि.

अण्णा परत निघून गेल्ते. मी गच्चीवर कपडे वाळत घालून राह्यले आणि खाली दार सताड उघडं. तशीच अनवाणी पळाले. हायवेवर सापडले. अंकुशनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना हाताला धरून ट्रॉलीच्या सावलीत बसवल्तं. मला म्हणाला, "ताई, एकदम मधीच उभे होते हो. ब्रेक लागला म्हणून..."

अण्णांचं एकच. "शटर उघडायचंय. पोरं येऊन थांबली असतील."

कुठलं शटर. रस्ता रुंद झाला तेव्हाच दुकान गेलं. जिथं आपलं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं तिथं आता दुभाजक आहे, त्यात कण्हेर लावलीय. अण्णा बराबर त्या कण्हेरीसमोरच उभे होते. पोटच्या लेकीचं नाव आठवत नाही, जागा आठवते.

१० नोव्हें.

पुण्याहून दादाचा फोन. शेजारच्या कांताकाकूंनी त्याला कळवलेलं दिसतं. "संभाजीनगरला एक केंद्र बघितलंय. नर्स असतात, गेट असतं."

मी म्हणाले, सरळ वृद्धाश्रम म्हण ना.

"वैशू, शब्दावर नको जाऊ. तू दिवसभर अंबडला कंप्युटर क्लासवर शिकवणार, ते घरी एकटे. काकू किती बघतील? उद्या ट्रकखाली आले तर?"

नाताळच्या सुट्टीत येतो म्हणाला, तेव्हा ठरवून टाकू.

सासर सोडून आले तेव्हा अण्णांनी दार उघडलं, बॅग हातातून घेतली, "जेवलीस का" विचारलं. आजवर दुसरा प्रश्न नाही. दादाला हे कसं सांगायचं. आणि सांगून काय.

१३ नोव्हें.

क्लासमध्ये दोन बॅचच्या मधे एक व्हिडिओ बघितला. कुणीतरी लाकडी खोक्यावर दांडा आणि बटणं बसवली, आत पत्त्यांच्या कॅटएवढा कंप्युटर टाकला, टीव्हीला जोडला की जुने गेम चालू. पार्लरमधल्या मशीनची नुसती मान कापून घरी आणल्यासारखं. तसला बोर्ड आमच्या क्लासच्या कपाटात धूळ खात पडलाय. सरांना विचारलं. "न्या मॅडम, कोण हात लावतंय त्याला."

दुकानच घरात आणलं तर बाहेर कशाला जातील?

१८ नोव्हें.

दांडा, बटणं पार्सलनं आली. दांड्यावर लाल गोटा, लहान मुलाच्या खेळण्यासारखा. कलीमभाई सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं. "क्या बनारे मॅडम, हार्मोनियम?" म्हणाले. एक भोक जरा मोठं पडलं, तिथलं बटण डुगडुगतं. खोक्याला मागून बिजागरीचं झाकण.

अण्णांना काही दाखवलं नाही. आज शांत होते. दुपारभर शेंगा फोडत बसले, कांताकाकू म्हणाल्या. दाणे कचऱ्यात आणि टरफलं डब्यात.

२१ नोव्हें.

वायरिंगला बसले. प्रत्येक बटणाला दोन वायरी. एक बोर्डाच्या आपापल्या पिनेवर, दुसरी सगळ्यांची मिळून एकीकडं. क्लासमध्ये पोरांना फळ्यावर पाच मिनिटांत शिकवते. हातानं करताना संध्याकाळ गेली, बोटाला चटका बसला.

डाग द्यायचं यंत्र, सोल्डरिंगचं, अण्णांचंच, ट्रंकेतून काढलं. राळेचा धूर वर आला आणि एकदम अण्णांचा जुना शर्ट. ते घरी आले की शर्टाला हाच वास असायचा. पार्लरमध्ये मी कधी आत गेले नाही. डबा द्यायला गेले तरी उंबऱ्यावरूनच. "पोरींनी इथं यायचं नस्तं." आतले आवाज मात्र सगळे पाठ होते. कोण हरलं ते बाहेरून कळायचं मला. दादा आत जायचा. दादाला खेळाची आवड नव्हती, तरी जायचा.

२३ नोव्हें., रवि.

आज जोडलं. सगळं चाललं! दांडा डावीकडं केला की टीव्हीतला माणूस डावीकडं. मी एकटीच हसले.

अण्णांना खुर्चीत बसवलं, खोकं मांडीवर ठेवलं. त्यांनी टीव्हीकडं बघितलं. आवाज आल्यावर मान वर झाली, डोळे जरा... मला वाटलं, आता. मी त्यांचा हात धरून लाल गोट्यावर ठेवला. झटक्यात काढून घेतला.

"मालकानं खेळायचं नस्तं."

परत ठेवला. परत काढला. मंग खोकं बाजूला सारून उठले न् चप्पल शोधायला लागले. शटर उघडायचं होतं.

इतके दिवस मी कुणासाठी बनवून राह्यले? ज्यांनी जन्मात एक डाव खेळला नाही त्यांच्यासाठी. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं.

२५ नोव्हें.

काल बाहेरून कुलूप लावून क्लासला गेले. काकूंना त्यांच्या लेकीकडं जायचं होतं, दुसरा इलाज नव्हता. आले तर अण्णा खिडकीचे गज धरून उभे. कधीपासून उभे होते देव जाणे. धोतर ओलं. मला बघून हात जोडले. म्हणाले, "साहेब, माझं चुकलं काय ते तरी सांगा."

आंघोळ घातली. जेवले. विसरले.

मी नाही विसरले. दादाच्या केंद्राला निदान गज नसतील.

२९ नोव्हें.

लिहायलाच हवं.

सकाळी एक बटण बंद पडलं. मीच खोकं काढून बसल्ते, क्लासमधल्या पोरांना तरी देऊन टाकावं म्हणून. दाबून दाबून थकले, वैतागून खोक्यावर एक चापट मारली. मागून आवाज, "मारू नका. मागून उघडा."

अण्णा. खाली बसले. गुडघे दुखतात, तरी मांडी घालून. झाकण उघडलं, आत बघितलं. बोटानं एकेक वायर हळू ओढून बघितली, कोथिंबिरीची काडी बघतात तशी. एका ठिकाणी थांबले. "हा टाका कच्चा हाय. कुनी दिला?"

मी, म्हणाले.

"जल्दी केली तुम्ही. आधी वायर तापू द्यायची, मंग कथील. उलटं केलं."

यंत्र तापवून हातात दिलं. भीती वाटत होती, हात कापतो त्यांचा, परवा चहाचा कप सांडला. यंत्र हातात आल्यावर कापला नाही. बटण चालू झालं. टीव्हीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. झाकण लावलं, वर थोपटलं. "जालन्याहून आले का तुम्ही? चहा घेऊन जा."

पार्लरचे पार्ट जालन्याहून एक माणूस आणायचा. मी तो माणूस.

दिवसभर बाहेर गेले नाहीत.

३० नोव्हें.

अण्णा उठायच्या आधी एक वायर सैल केली.

४ डिसें.

रोज एक. टाका तोडत नाही, नुसती पिनेवरून अर्धी काढते, म्हणजे भाजायची भीती नाही. चहा झाला की मी म्हणते, "मालक, मशीन बंद पडलं." ते "च्याऽऽ" करतात आणि बसतात. कधी लगेच सापडतं, कधी दुपार होते. काकू म्हणतात, जेवायला हाक मारली तर "गिऱ्हाईक थांबलंय" म्हणतात. हायवेचं नाव नाही. आठवड्यात एकदाही चप्पल मागितली नाही.

झोप लागते मला आता.

९ डिसें.

आज डाव्या बाजूची वायर. काम करता करता आपणहून बोलले.

"तुम्हाला लेकरं?"

न्हाई, मी म्हणाले.

"मला हायेत. पोरगा हाय, तो काय ह्यातला न्हाई. पोरगी हाय एक. तिच्यासमोर मशीन बंद पडलं म्हनून बोलू नका बरं का."

का?

"लगेच उघडून बसंल. घरचा रेडिओ उघडल्ता तिनं. मी बोल्लो न्हाई, जोडून ठिवला गुपचूप." मंग वायर पिनेत बसवली, बोटानं दाबली. "दुकानात येऊ द्यायला पाह्यजे होतं. पन पोरं शिव्या देत्यात हो तिथं."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले. गॅस पेटवायचा राहिला.

१४ डिसें., रवि.

दादाचा व्हिडिओ कॉल. फोन अण्णांच्या समोर धरला, ते खोक्यात डोकं घालून. दादा बघत राहिला. "हे काय करून राह्यलेत?" मी सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"म्हणजे तू रोज मोडतेस न् त्यांना जोडायला लावतेस?"

मोडत नाही, सैल करते.

"वैशू, त्यांनी आयुष्यभर कुणाला फसवलं न्हाई. त्यांना येडं बनवून राह्यली तू."

येडं बनवायला लागतंय का, असं मी बोलून गेले. अण्णा तिथंच होते. फोन ठेवला त्यानं.

त्याचं अगदीच खोटं नाही. सकाळी वायर काढताना मी दार लोटून घेते. चांगलं काम करणारा माणूस दार लोटतो का?

१८ डिसें.

वाईट झालं.

अण्णांच्या लक्षात आलंय. बिघाड कसा होतो हे न्हाई, पण कुणीतरी करतंय हे. सकाळी म्हणाले, "वायर आपोआप निघत न्हाई. हात लागतोय कुनाचा तरी." मी म्हणाले, धक्क्यानं निघत असेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. जुन्या अण्णांसारखं बघितलं. मी खाली बघून राह्यले आणि क्लासला निघून गेले.

दुपारी काकूंचा फोन, रडत. अण्णांनी त्यांना चोर म्हटलं, दारातून ढकललं. काकू पायरीवर पडल्या, मनगट सुजलं. माझ्या आईनंतर ज्यांनी या घराला डबे दिले त्या काकू.

संध्याकाळी गेले त्यांच्याकडं, खरं सांगितलं. त्या मनगटाला हळद लावून बसल्त्या. म्हणाल्या, "तुला सकाळीच कळ्ळं व्हतं ना त्यांला संशय आला ते? मंग मला कामून सांगितलं न्हाईस?"

काय सांगू? मला वाटलं, एक दिवस आणखी निघेल.

"उद्यापासून मी येत न्हाई बाई. तू तुझं बघ."

२० डिसें.

क्लासला सुट्टी टाकली. वायर सैल करणं बंद. खोकं चांगलं चालतंय म्हणून अण्णा सकाळपासून अस्वस्थ. चप्पल मागितली. दुपारी कडी काढून फाटकापर्यंत गेल्ते.

२२ डिसें.

परत सैल केली. एकच, समोरची, सहज दिसेल अशी. अण्णांना सापडली नाही.

वायर डोळ्यांपुढं लोंबत होती. ते तिच्याकडं बघत होते आणि पलीकडं बघत होते. मी बोट दाखवणार तेवढ्यात त्यांनी सगळ्या वायरी मुठीत धरल्या न् ओढल्या. सगळ्याच. मंग हातातल्या झुपक्याकडं बघत बसले. "हे कुनी केलं?" मला विचारलं. ओरडून नाही, भिऊन.

"माझ्याच्यानं झालं," मी म्हणाले. आणि ते काही खोटं नाही.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. जालन्याच्या माणसाच्या डोक्यावर ठेवला का माझ्या, ते कळलं नाही.

२४ डिसें.

काकूंकडं जाऊन आले. मनगट बरंय. बोलल्या नाहीत, पण चहा दिला.

अण्णा खोक्याजवळ फिरकत नाहीत. मी वायरी लावायला घेतल्या. कुठली कुठल्या पिनेची, कुठं लिहून ठेवलं नव्हतं. डोक्यात होतं सगळं. आता बघते तर नाही.

२६ डिसें.

दादा आला दुपारी, एकटाच. वहिनी आणि लेकरं पुण्यालाच. मोबाईलवर केंद्राचे फोटो घेऊन आलाय. बाग आहे, अंगणात झोपाळा आहे. खरंच चांगली जागा दिसते, हेच वाईट.

अण्णांनी त्याला वाकून नमस्कार केला. "या साहेब." दादा उंबऱ्यातच उभा राहिला. फोनवर बोलताना त्याला हे असं माहीत नव्हतं. मला वाटायचं, माहीत आहे.

मी खाली वायरींचा पसारा मांडून बसल्ते, उठले नाही. दादानं विचारलं, किती राह्यलंय? सगळंच, म्हणाले. त्यानं बूट काढले आणि समोर येऊन बसला. त्याला यातलं काही येत नाही. मी पिन सांगायची, त्यानं वायर धरायची, मी टीव्हीवर बघायचं. उडी मारायच्या बटणानं माणूस खाली बसला. दादा हसला, मंग मी पण.

आवाजानं अण्णा आतून आले. उभे राहून बघत होते. दादाच्या हातातली वायर बघून म्हणाले, "ती न्हाई, शेजारची." आम्ही शेजारची लावून बघितली. ती पण चुकीची होती. दादानं माझ्याकडं बघितलं. दादा म्हणाला, "बराबर आहे मालक. हीच."

अण्णा आमच्यामधे बसले. "कुन्या गावचे तुम्ही?" त्याला विचारलं.

"इथलाच," दादा म्हणाला. "वडीगोद्रीचा."

"मंग कधी दिसले न्हाई ते."

दादा खाली मान घालून वायरीचं टोक सोलत बसला, नखानंच, कितीतरी वेळ.

केंद्राचा विषय अजून निघाला नाही. त्याची बॅग गाडीतच आहे. सकाळी बोलू म्हणाला.