जनान्यातून पाहिलेला अमेरिकन संसार

गुलबर्गा,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

कमलाक्काच्या पायांवर कलाने डोकं ठेवलं आहे असं समजावं. तुझी कंबर आता कशी आहे? शेक चुकवू नकोस. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे अंगात ताप नाही. बाकीचं पुढे लिहिते. हे पत्र दाजीच तुला वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनाही नमस्कार. (दाजी, कंसातलं मनातल्या मनात वाचावं.)

अप्पांनी ज्या स्थळाबद्दल कळवलं होतं, त्या आप्पाराव मास्तरांच्या आई सत्यभामाबाई शुक्रवारी, शाळेच्या आठवड्याच्या सुट्टीला, मला बघायला आल्या. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि मुलगी इंग्रजी जाणते एवढ्यावरच हे स्थळ आलेलं. ते खरं की खोटं हे पाहायला त्यांनी मला टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला नेलं. चित्र अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोचं होतं. मूळ ते तिथलं गाजलेलं नाटक, आणि आमच्या मुख्याध्यापिका मालतीबाईंच्या पुस्तकातून मी ते दोनदा वाचलेलं. मला वाटलं, देव पावला. आप्पाराव पुरुषांत बसले, आम्ही पडद्याआड जनान्यात. सोबतीला शाळेची दाई गुरुबाई. दिवे गेले तशा सत्यभामाबाई म्हणाल्या, "सांग बाई, काय बोलायलेत ते."

अक्का, ती माणसं नाकातून बोलतात. मला एक शब्द कळला नाही. तसं सांगून मोकळं व्हावं, तर स्थळ जातं. (आणि ते जावं असं मला वाटत नव्हतं, दाजी.) म्हणून मी पुस्तकच सांगू लागले. पुस्तकात सगळं एका खोलीत घडतं. नवऱ्याने अकरा वर्षांत बायकोला एकदाही काही विचारलेलं नाही, म्हणून ती ट्रंक भरते आहे. तीन अंक भरते. शेवटी जाते आणि परत येत नाही. चित्रात मात्र मधेच घोड्यांची शर्यत निघाली, मग दोघं नावेत बसली, मग एक कुत्रा आला, जो पुस्तकात कुठेही नाही. मी म्हणत होते, आता ती त्याला चांगलं सुनावते आहे, आणि समोर ती त्याच्या गळ्यात पडलेली. सगळ्या जनान्याने तोंडावर पदर घेतला आणि एकेका डोळ्याने पाहत राहिला. "सुनवायची ही कोणची तऱ्हा?" सत्यभामाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तिकडे असंच असतं. (हे खोटं आहे की नाही मला ठाऊक नाही. मी अमेरिका पाहिलेली नाही.)

शेवटी ती ट्रंक घेऊन खरोखरच निघाली. पुस्तक आणि चित्र एका वाटेला लागलं म्हणून मला इतकं बरं वाटलं, की मी जोरात सांगून टाकलं, गेली, आता परत येत नाही, खेळ संपला. गुरुबाई म्हणाली, "बरं केलं बाईनं. अकरा वर्षं म्हंजे लई झालं." मागच्या बायका डोळे पुसत चपला शोधू लागल्या. आणि खेळ काही संपेना. तो नवरा स्टेशनवर धावत गेला, आणि धुरातून एक बाई उतरून त्याला बिलगली. तीच ती.

सत्यभामाबाई माझ्याकडे वळल्या. "ही कोण गं आता? दुसरी केली व्हय?"

अक्का, माझ्या तोंडून "व्हय" गेलं.

"अन् हुबेहूब पहिलीवानी कामून?" मी काही जुळवायच्या आत त्यांनीच उलगडा केला. "धाकटी बहीण असंल. सासऱ्यानं लगीच पाठवून दिली. शहाणा माणूस." सगळा जनाना समाधानाने उठला. मी मात्र बाकावर तशीच. जन्मातलं माझं हे पहिलं धडधडीत खोटं. (शाळेत वय दोन वर्षं कमी लिहिलं, ते अप्पांनी.)

बाहेर टांग्यात बसता बसता त्यांनी हीच कथा मुलाला ऐकवली. आप्पारावांना इंग्रजी येतं, आणि नुसतं पुस्तकातलं नाही. मी टांग्याची दांडी धरून उभी, आता सगळं संपलं म्हणून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "व्हय आई, धाकटीच ती. हिच्या गालावर तीळ न्हवता."

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. जो माणूस आईशी इतकं सहज, वर बाईच्या गालावरचा तीळही पुसून खोटं बोलतो, तो उद्या बायकोशी काय बोलेल? आणि ते माझ्याचसाठी बोलले, म्हणजे त्यातलं अर्धं पाप माझंच की. नकार कळवावा असं मनात आहे. पण तू थोरली आहेस. तू सांगशील तसं करीन, तोवर कोणाला एक अक्षर बोलणार नाही.

तुझी,
कला

ता. क. हे पत्र दोन दिवस पडून राहिलं. काल सत्यभामाबाईंचा निरोप आला, मुलगी पसंत आहे. मी मालतीबाईंकरवी होकार कळवून टाकला. तुला विचारायला वेळ नव्हता.

आणखी ता. क. निरोपात त्यांनी एवढंच विचारलं होतं, मुलीला पाठची बहीण आहे का. मी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून आहे असं कळवलं. ते ऐकून त्यांना फार आनंद झाला म्हणे. तर अक्का, या पत्राचं खरं काम हे, की आपल्या धाकट्या गंगव्वासाठी तिकडे तुमच्या कल्याणीत एखादं स्थळ बघ. मुलगा मास्तर नसला तरी चालेल, पण मुहूर्त माझ्या आधीचा हवा.