तबकडीतली आरोळी

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
खटपट्याचा सा. न. वि. वि.

हातातलं काम बाजूला ठेव आणि आधी हे वाच. मशीन चालू झालं! बंद पडलेल्या नाचघराच्या माळ्यावरून मी जो ग्रामोफोन उचलून आणला होता, ज्याच्या पितळी कर्ण्याला तू धोतऱ्याचं फूल म्हणून हसली होतीस, तो काल दुपारी तीन वाजता गायला लागला. अकरा आठवडे त्याच्या मागे होतो. शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात जन्म गेल्यामुळे स्प्रिंग आणि दात्यांची चाकं माझं ऐकतात, पण आवाजाच्या डबीतली अभ्रकाची चकती तडकलेली होती. तशी चकती कुठे मिळेना. शेवटी जुन्या स्टोव्हच्या खिडकीतलं अभ्रक सोलून मी स्वतः कापली. सहा फुटल्या, सातवी बसली.

आमची रविवारची मंडळी तुला ठाऊक आहेतच. बेकरीवाल्या काकू आणि निवृत्त इंजिनड्रायव्हर. दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही तिघं मशिनींच्या गर्दीत स्टुलांवर बसतो आणि पाऊणशे वर्षांच्या जुन्या तबकड्या ऐकतो. आमचं वेड एकच, सुरुवातीच्या काळातलं हॉट जॅझ. छोट्या तुतारीसारखा कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन तिघं एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाला थांबवत नाही, आणि तरी भांडण होत नाही. आपल्या घरात हे कधी जमलं का सांग!

तर, त्याच माळ्यावर टोपीच्या डब्यात काही तबकड्या होत्या. बहुतेक उन्हाने पापडासारख्या वाकलेल्या. एकच धड निघाली. लेबल उंदरांनी खाल्लंय, ‘सात जणांचा बँड’ एवढंच उरलंय. सुई टेकवली. आधी नुसता काहीतरी तळल्याचा आवाज. आणि मग ताई, त्या सात जणांनी अशी काही उडी घेतली की काकूंच्या हातातला चहा बशीत सांडला. दीड मिनिटाने कॉर्नेट एकटा चढत जातो, चढत जातो, पार शेंड्यावर पोचतो, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडतं. एका मुलीची आरोळी! शब्द नाहीत, सूर नाही, निव्वळ आनंद. लगेच मागून ‘धप्’. ड्रायव्हरसाहेब म्हणतात तो ढोल, काकू म्हणतात खुर्ची पडली. त्यावरून दोघं कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत.

घरात आत्याला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. लहानपणी रेडिओवर असलं काही लागलं की ती वर्गातून उठून यावं तशी यायची आणि खटकन बटण फिरवायची, ते मी विसरलेलो नाही. नव्वदाव्या वर्षी तिला ताप नको.

तुझ्या मायेचा भुकेला,
खटपट्या


११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

घोटाळा झाला आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या लाँड्रीतून नुकतीच आले होते, दोनशे चादरींचा हिशेब डोक्यात भणभणत होता. आत्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक अक्षर भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून तुझी पत्रं मी नेहमीच मोठ्याने वाचते. तशीच वाचत गेले. ‘आत्याला कळू देऊ नकोस’ इथे पोचले तेव्हा तिला सगळं कळून चुकलं होतं.

पण ती चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं. आरोळीपाशी तिची सुरी थांबली. ते वाक्य परत वाच म्हणाली. मी वाचलं. कॉर्नेट एकटाच होता का, असं विचारलं. मी म्हटलं, पत्रात तरी तसंच लिहिलंय. मग ‘धप्’ किती वेळाने आलं ते विचारलं. त्यानंतर अर्धवट सोललेला बटाटा पाण्यात टाकून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवली नाही. रात्री दोन घास खाल्ले तेही माझ्या समाधानाला.

तुला माहीत आहे ना, चाळीस वर्षं गणित शिकवलेली ही बाई. अजून रस्त्यात टक्कल पडलेले विद्यार्थी तिला बघून शर्टाची बटणं लावतात. तिला असं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नाही. आज सकाळी उठून शाईची बाटली आणि कागद मागितले. मला लिहून देऊ दे म्हटलं तर म्हणाली, माझं मी लिहीन, अक्षर मोठं काढलं की झालं. तुझ्या त्या धोतऱ्याच्या फुलाने माझी झोप उडवली आहे.

दुकानात दुपारचं वेळेवर जेवत जा.

काळजीत असलेली,
ताई


१३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

ती आरोळी माझी आहे असं मला वाटतं. खात्री तू करून द्यायची आहेस, म्हणून सगळं सांगते. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तबकड्या बनवणाऱ्या कारखान्यात होते. माझं काम रेकॉर्डिंगच्या खोलीमागे. तिथे एक गरम कपाट असे, त्यात मेणाच्या जाड चकत्या ऊब देऊन मऊ ठेवत. मागितली की एक काढून नेऊन द्यायची. खोलीत मोठा कर्णा भिंतीतून बाहेर आलेला. त्याच्यापुढे वाजवायचं, त्या आवाजाने पलीकडे सुई हलायची आणि मेणात रेघ कापली जायची. आवाज पकडायला वीज नाही, काही नाही. ढोलाला बंदी, कारण त्याच्या धक्क्याने सुई उडे. ढोलवाला बिचारा लाकडाचे दोन ठोकळे वाजवत बसे. कॉर्नेटवाल्याचा आवाज इतका मोठा की त्याला सर्वांत मागे, कोपऱ्यात उभं करत. चूक झाली की ते मेण तासायला जाई, म्हणजे वरचा थर काढून पुन्हा कोरं.

त्या दिवशी हे सात जण सकाळपासून घामाने निथळत होते. खिडक्या बंद, पंखा बंद. पहिलं मेण बँजोची तार तुटल्यामुळे गेलं, दुसरं कोणीतरी शिंकल्यामुळे. तिसरं मी दिलं आणि त्यांना पाणी द्यायला आत गेले. पेले पियानोवर ठेवले आणि वळते तोच लाल दिवा लागला. दिवा लागला की हलायचं नाही. मी होते तिथेच, कर्ण्याच्या तोंडाशी, भिंतीला चिकटून उभी राहिले.

खटपट्या, असलं वाजवणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. एका हातावर असतील एवढी माणसं आणि वरून आणखी दोघं, पण वाटत होतं खोलीच निघाली आहे कुठेतरी. कोपऱ्यातला तो कॉर्नेटवाला डोळे मिटून वर वर जायला लागला आणि माझ्या पोटातून काहीतरी निघालं. मी ओरडले. रेकॉर्ड करणाऱ्या साहेबांचा चेहरा छोट्या खिडकीत दिसला. तो पाहिला आणि मी पळाले. ‘धप्’ म्हणजे ढोल नाही आणि खुर्चीही नाही, ते दार आहे. माझी छत्री तिथेच राहिली. मी परत गेले नाही. घरी सांगितलं, मेणाच्या वासाने डोकं दुखतं.

ते मेण तासलं गेलं असणार, हे मी धरूनच चालले होते. सात जणांनी जीव ओतून वाजवलं आणि मी ते मातीत घातलं. म्हणून ते संगीत कानावर पडलं की मला बसवत नसे. तुम्हा मुलांना वाटायचं आत्याला आवडत नाही. वाटू दिलं.

आता काम ऐक. लेबल आणि रेघा यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत, भिंगाने बघ, मेणाचा क्रमांक कोरलेला असतो. तो तीन असेल तर मला कळव. नसेल तरी कळव. गोड करून लिहू नकोस.

तुझं भलं चिंतणारी,
आत्या


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,
खटपट्याचे शिरसाष्टांग नमस्कार.

तीन! तीन! तीन!

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. गिऱ्हाईक समोर मशीन धरून उभं होतं, त्याला तसंच सोडून जिना चढलो. घाईत भिंग काही जागेवर ठरेना. खाली जाऊन त्या गिऱ्हाईकालाच वर बोलावलं, शिंपीबाई आहेत, त्यांची नजर सुईच्या नाक्यावर पक्की झालेली. त्यांनी क्षणात सांगितलं, तीनचा आकडा आहे, जरा डावीकडे कललेला. शिवाय तू लिहिलेले लाकडी ठोकळे! ते मी पत्रात लिहिलेच नव्हते, आत्या, आणि ते तबकडीत आहेत, टक् टक् टक्, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

म्हणजे ते मेण तासलं गेलं नाही. त्याची तबकडी निघाली, ती दुकानात गेली, कोणीतरी घरी नेली, नाचघरात लोक तिच्यावर नाचले. तुझ्या आरोळीसकट. का ठेवली असेल, ते विचारायला आता कोणी नाही. पण मला वाटतं ते मला ठाऊक आहे. तू दार लावून गेलीस. त्यानंतर काय वाजलंय ते तुला माहीतच नाही. ते मी इथे लिहिणार नाही, कितीही ओरडलीस तरी. रविवारी मशीन घेऊन येतो, स्वतःच्या कानांनी ऐक.

काकू आणि ड्रायव्हरसाहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. दोघंही हरले म्हणून दोघं पुन्हा बोलायला लागले आहेत.

तुझ्या धाकात वाढलेला,
खटपट्या

ता. क. हे पत्र पेटीत टाकायला निघालो आणि जिन्यावरून घसरलो. घोटा मोडला आहे, पाय प्लास्टरमध्ये, तीन आठवडे हलायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. तबकडी हातात नव्हती, देवाची कृपा. पण रविवार चुकणार नाही. ड्रायव्हरसाहेब सगळं घेऊन गाडीने येत आहेत. ताईला सांग, त्यांना गोड चहा लागतो.


२४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू इथे हवा होतास. नाहीस म्हणून एकूण एक लिहिते, तक्रार करू नकोस.

ड्रायव्हरसाहेब दहाच्या गाडीने आले. जुना कोट इस्त्री करून घातलेला, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला कर्णा, आणि तबकडी दोन उशांच्या मध्ये बांधलेली. वाटेत एका बाईंनी बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं म्हणे. आत्या पहाटेपासून तयार होती. ठेवणीतले कपडे, केस घट्ट बांधलेले, जणू शाळेत तपासणी आहे. लाँड्रीतल्या माझ्या दोघी मैत्रिणीही आल्या, मी बोलावलं नव्हतं, पण मी आठवडाभर दुसरं काही बोललेच नव्हते.

खुर्ची कर्ण्यासमोर ठेवली. ड्रायव्हरसाहेबांनी चावी दिली तर आत्याने त्यांना सुई नवी लावली का विचारलं. त्यांनी मुकाट्याने खिशातून नवी काढली.

मग सुरू झालं. मला यातलं काही कळत नाही, तू जाणतोस. पण पहिल्या दहा सेकंदांत माझी टाच हलायला लागली, आणि आमची सर्वांत गंभीर इस्त्रीवाली मान डोलवत होती. आत्या दगडासारखी बसलेली. कॉर्नेट चढायला लागला तशी तिने खुर्चीची दांडी धरली. आणि ती आरोळी आली. खटपट्या, मी या बाईबरोबर बावीस वर्षं राहते आहे, पण ती कधी सतरा वर्षांची होती हे मला त्या क्षणी पहिल्यांदा पटलं.

‘धप्’ झालं. आत्या उठायला लागली. तिच्या लेखी तिथे सगळं संपत होतं. ड्रायव्हरसाहेबांनी हात वर केला आणि तिला थांबायला सांगितलं.

बाकीचे सगळे गप्प होतात, एवढं मलाही कळलं. आणि तो कॉर्नेट एकटा तिची आरोळी वाजवतो. तीच! तशीच खालून उसळलेली, तशीच शेवटी मोडलेली. मागे कोणीतरी खदखदून हसतं, आणि मग सातही जण तुटून पडतात. शेवटाला तो पुन्हा एकदा तीच वाजवतो, आणखी वरून.

आत्याने हे काय म्हणून विचारलं. तिचा आवाज फार लहान आला. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, बाई, उत्तर आहे, तुम्हाला दिलेलं. तबकडी थांबली. मग आत्या हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं, आणि पाणी पिऊन पुन्हा हसली. चार वेळा लावायला लावली. प्रत्येक वेळी सुई नवी. चौथ्या वेळी तिचा पाय ठोकळ्यांच्या बरोबरीने पडत होता, एकही चुकला नाही.

घोट्याला जप. फळं पाठवली आहेत, ती ड्रायव्हरसाहेबांनी गाडीत संपवली नसतील तर मिळतील.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

ताईने सगळं कळवलंच असेल. थोडं फुगवलंही असेल. मी चार वेळा लावायला सांगितली नव्हती, तीनदा सांगितली होती. चौथी त्यांनी स्वतःच्या हौसेने लावली.

तुला एकच सांगायचं आहे. तो मला उत्तर देत होता तेव्हा मी जिन्यात होते. धावत उतरत होते. आणखी दहा सेकंद थांबले असते तर भिंतीजवळून ऐकलं असतं. पहिले दोन दिवस हेच डोक्यात फिरत होतं, जेवताना, झोपताना. मग काल सकाळी अंथरुणातच जाणवलं की त्याच्या पाठीला दार होतं. तो कोपऱ्यात डोळे मिटून उभा होता. मी गेले हे त्याने पाहिलंच नसेल, आणि स्वतःच्या कॉर्नेटपुढे ते ‘धप्’ही त्याला ऐकू आलं नसेल. तो शेवटपर्यंत माझ्यासाठीच वाजवत राहिला आणि त्याला वाटत होतं, मी तिथे आहे. तेव्हापासून मला बरं वाटतं आहे.

पाय सुधारला की ये. येताना त्या डब्यातल्या वाकलेल्या तबकड्याही आण. काचेच्या दोन तावदानांमध्ये घालून मंद उन्हात ठेवल्या तर सरळ होतात, कारखान्यात आम्ही करत असू. त्यांत त्या सात जणांची आणखी एखादी असेल. आणि मशीन परत न्यायची घाई करू नकोस. तुझ्या दुकानात खडखड फार, इथे नीट ऐकू येतं.

मोठ्याने हसत राहणारी,
तुझी आत्या