आईने हात वर केले

रिहे, ता. मुळशी
६ फेब्रुवारी १९८३

चि. सुकेशिनीस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तू वसतिगृहाच्या आमटीबद्दल पानभर लिहितेस आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल एक ओळही नाही. तीही लिहावी.

तुझी आई ग्रामपंचायतीत निवडून आल्यापासून या घरात माझे मत कोणी विचारत नाही. आता तिला पेच पडला आहे. मागासवस्तीसाठी गावाला एक हातपंप मंजूर झाला आहे, एकच. सरपंच हैबतराव घरी येऊन सांगून गेले की अनुसयाबाई, जागा तुम्ही सुचवा, आम्ही सगळे मान हलवतो. त्यांना वाटले, ही आपल्या बौद्धवाडीचेच नाव घेणार. निवडणुकीच्या वेळी वाडीतल्या बायकांना तिने तसा शब्दच दिला होता.

पण मागच्या आठवड्यात ती लाकडे आणायला ओढ्यापलीकडच्या कातकरी वस्तीवरून गेली. तिथल्या बायका वाळूत खड्डा करून वाटी वाटीने हंडा भरतात. आपली विहीर उन्हाळ्यात गढूळ होते, पण आटत नाही. तिकडे गेल्या वैशाखात दोन लेकरे जुलाबाने गेली. हे ऐकून आल्यापासून तिचे जेवणात लक्ष नाही.

तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. “पोरगी पुण्यात बरं-वाईट कसं वळखायचं त्येच शिकतीया न्हवं? मग तिला इचारा.” सभा महिनाअखेर आहे. लवकर लिहावे. आमची माया नेहमीचीच.

तुझे बाबा,
ज्ञानदेव

पुणे
१२ फेब्रुवारी १९८३

ति. बाबा व आई यांस,

सुकेशिनीचा सविनय जयभीम. वि. वि. माझी तब्येत चांगली आहे. ही ओळ बाबांसाठी.

आई, तू विचारलेस म्हणून मला फार मोठे झाल्यासारखे वाटले आणि लगेच भीतीही वाटली. आम्हाला या वर्षी नीतिशास्त्रात तीन मते शिकवली. पहिले म्हणते, परिणाम बघा. जास्तीत जास्त लोकांचे भले होईल ते योग्य. आता घरे आपल्या वाडीत जास्त आहेत, पण हाल त्यांचे जास्त. हाल मोजायचे कसे, यावर आमच्या वर्गातही भांडण झाले.

दुसरे मत म्हणते, परिणाम आपल्या हातात नसतो, कर्तव्य असते. अडचणीचा झाला म्हणून दिलेला शब्द मोडावा, असे सगळ्यांनीच ठरवले तर शब्दाला अर्थच राहत नाही. या मताने तुला बायकांना दिलेला शब्द पाळायलाच हवा. तिसरे मत नियम विचारत नाही, माणूस विचारते. चांगल्या शीलाचे माणूस तुझ्या जागी असते तर कसे वागले असते? पण तसे माणूस शब्दाचे पक्के असते आणि कनवाळूही असते. मी तिथेच अडकले. विहारात आपण शिकलो की कृतीमागची चेतना, म्हणजे हेतू, बघावा. तुझी चेतना मला माहीत आहे, पण तेवढ्याने पंपाची जागा ठरत नाही.

हे पत्र मी आधी एकदा लिहून फाडले. त्यात सरळ लिहिले होते की पंप कातकरी वस्तीला दे. मग वाटले, मी इथे नळाखाली तांब्या धरते. हंडा तू वाहायचा आणि मोठे मन मी दाखवायचे, हे कितपत खरे? म्हणून तीन मते पाठवते, निवड पाठवत नाही. राग नसावा, लोभ कमी न व्हावा.

आपली,
सुकेशिनी

रिहे
१ मार्च १९८३

चि. सुकेशिनीस, आशीर्वाद व जयभीम. कार्डावर जागा थोडी आणि मला पौडची एसटी गाठायची आहे. काल सभा झाली. मतदानाच्या वेळी तुझ्या आईने दोन्ही हात वर केले. हैबतराव बघतच राहिले. सविस्तर मागाहून.

ज्ञानदेव

पुणे
५ मार्च १९८३

ति. बाबांस,

सविनय जयभीम. वि. वि. कार्ड पोहोचले. आईने हात वर केले हे वाचून मला रात्री जेवण गेले नाही.

तिने वाडीचे नाव सुचवले असते तर मी समजू शकले असते. वस्तीचे सुचवले असते तरी. पण ऐन वेळी माझ्याने होत नाही म्हणून अंग काढून घेणे, हे माझ्या आईचे वाटत नाही. चूक माझीच आहे. तिने रस्ता विचारला आणि मी तीन रस्ते दाखवून तिला मधेच उभे केले. तिला रागावू नका. मीही रागावलेली नाही, हे तिला सांगा. थोडी रागावलेली आहे, हे सांगू नका. तिला माझा नमस्कार.

सुकेशिनी

रिहे
९ मार्च १९८३

चि. सुकेशिनीस,

आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझे पत्र मी मोठ्याने वाचले. तुझी आई इतकी हसली की शेजारची सारजाबाई बघायला आली. अगं, तिने अंग काढले नाही. तिने खरोखरचे दोन हात वर केले, छतापर्यंत. मी घाईत लिहिले, त्यात तुझे जेवण गेले. आता दुप्पट जेव.

झाले असे. तुझे पत्र ऐकून ती म्हणाली की शब्द मोडायचा न्हाई आन लेकरं बी मरू द्यायची न्हाईत, तर ज्येंना शब्द दिला त्येंच्याच दारात जायाचं. तिने वाडीतल्या बायका विहारात बसवल्या आणि सांगितले, तुम्ही मला शब्दातून सोडवा. नाही सोडवले तर पंप वाडीत आणीन, तोंड वाकडे करणार नाही.

गंगूबाई भडकलीच. म्हणाली, तुला काय, तुझी पोरगी पुण्यात नळाचं पाणी पितीया. तुझी आई म्हणाली, “व्हय, पितीया. म्हनून तर तिला जुलाब न्हाई.”

वाद बराच चालला. शेवटी तुझी आई म्हणाली, उद्याचं पाणी आपण तिकडंच भरू. सकाळी साऱ्याजणी हंडे घेऊन ओढ्यात उतरल्या. कातकरणींनी आधी हाकललेच, हितं आमालाच पुरंना म्हणून. मग एकच हंडा भरू दिला, तोही गंगूबाईचा. वाटी बुडवायची, वाळू खाली बसू द्यायची, मग ओतायचे. ऊन डोक्यावर आले तरी हंडा गळ्यापर्यंत आला नाही. गंगूबाईने तो तिथल्याच एका दारात ठेवला आणि रिकाम्या हाताने परत आली. वाटेत म्हणाली, “जा, सोडला तुला. पर सभंत आमचा बी हात वर कर, एकलीचं नाव नगं.”

म्हणून दोन हात. हैबतराव म्हणाले, बाई, एका सदस्याला एकच मत. ती म्हणाली, “एक माजा हाय, एक वाडीचा. कुटला बी मोजा.” जागा तुम्ही सुचवा, आम्ही मान हलवतो, असे हैबतराव आमच्या ओसरीवर चहा पिताना बोलले होते. आता त्यांनाही मान हलवावी लागली. पंप कातकरी वस्तीला मंजूर झाला. मी खिडकीबाहेर उभा होतो. माझी छाती सदऱ्यात मावेना, हे तिला सांगितलेले नाही. तू सांगू नकोस.

तुझी आई म्हणते, तीन मते पाठवलीस ते बरे केलेस. एकच पाठवले असतेस तर तिने तेवढेच केले असते. आमचा जीव तुझ्यात आहेच.

तुझे बाबा

पुणे
१५ मार्च १९८३

ति. बाबा व आई यांस,

सविनय जयभीम. वि. वि. मी दुप्पट जेवले.

काल सरांनी वर्गात तोच प्रश्न काढला, दिलेला शब्द आणि दुसऱ्याचे प्राण यांत ओढाताण झाली तर काय? वर्गाचे दोन तट पडले. मी सहसा बोलत नाही, हात वर करायची भीती वाटते. काल केला. मी सगळे सांगितले, नावे न घेता. एक बाई म्हणूनच सांगितले, कारण आपलीच बढाई होईल असे वाटले.

सरांनी नीट ऐकले. ते म्हणाले, त्या बाईंनी मार्ग चांगला काढला, पण प्रश्न संपला नाही. समजा, बायकांनी तिला शब्दातून सोडवलेच नसते, तर तिने काय करायला हवे होते? बरोबरच होते त्यांचे. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

मी म्हणाले, “सर, मला माहीत नाही. घरी विचारून सांगते. ती माझी आई आहे.”

तरी आईने आपले मत परतटपाली कळवावे. सबंध वर्ग वाट बघतो आहे आणि सर्वांत जास्त,

तुमची,
सुकेशिनी